एक वॉर्ड, दोन पगार

२०१८ च्या पावसाळ्यात आमच्या सासूबाई न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. खासगीत न्यायचं की सरकारीत, यावर घरात रात्रभर चर्चा झाली. सरकारी दवाखान्यातले हाडांचे डॉक्टर चांगले आहेत असं शेजारच्या दोन घरांतून कळलं, म्हणून आम्ही तिथं गेलो. दवाखान्याचं नाव सांगत नाही. जे सांगणार आहे ते काही त्या एकाच दवाखान्यात घडत नाही.

एकोणीस दिवस मी बायकांच्या वॉर्डात, सासूबाईंच्या पलंगाशेजारी चटई टाकून राहिले. दिवसपाळीला तिथं दोन मावश्या असायच्या. एक पन्नाशीची, तिला मी थोरली म्हणते. दुसरी तिशीतली, ती धाकटी. दोघींचं काम एकच. बेडपॅन देणं, चादरी बदलणं, पेशंटला कुशीवर वळवणं, रक्ताच्या बाटल्या लॅबमध्ये पोचवणं, एक्स-रेला ट्रॉली ढकलत नेणं. सासूबाई वजनदार. त्यांना उचलायला दोघी दोन बाजूंनी लागायच्या, एक डोक्याकडून, एक पायाकडून, "एक-दोन-तीन" म्हणत.

महिना बदलला आणि थोरलीच्या मोबाईलवर बँकेचा मेसेज आला. तिनं सगळ्यांना चहा पाजला. धाकटी चहा प्यायली, पण गप्प होती. सासूबाईंनीच विचारलं, "तुझा पगार झाला नाही होय गं?" ती म्हणाली, "आमचं बिल पास व्हायचंय, अज्जी. मागच्या महिन्याचंच अजून आलेलं नाही." आमचं म्हणजे कुणाचं? तेव्हा कळलं की थोरली सरकारची आणि धाकटी ठेकेदाराची. आमच्याकडं त्याला सरळ 'औटसोर्स' म्हणतात. "ती औटसोर्समधली आहे," असं, जणू ते एखादं गावच. थोरलीच्या हातात महिन्याला चौतीस हजार यायचे. धाकटीच्या हातात नऊ हजार दोनशे, तेही आले तेव्हा. धाकटी त्या वॉर्डात नऊ वर्षं काम करत होती.

सासूबाईंनी ऐकलं आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "मला उचलताना तर दोघींचा दम सारखाच लागतो."

मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. त्याचा उपयोग पुढं मुलांच्या सनावळ्या पाठ करून घेण्यापलीकडं फारसा झाला नाही. पण दवाखान्यातनं घरी आल्यावर हा चौतीस आणि नऊचा हिशेब डोक्यातनं जाईना. हे कधीपासून असं आहे? कुणी ठरवलं? वाचनालयातनं पुस्तकं आणली, भाच्याकडनं जुने अहवाल आणि कोर्टाचे निकाल छापून घेतले आणि दुपारची झोप सोडून वाचायला लागले. त्यातलं जे समजलं ते लिहितेय.

सुरुवात स्वातंत्र्याच्या आधीपासून करायला हवी. १९४३ मध्ये सरकारनं सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली देशाच्या आरोग्याची पाहणी करायला एक समिती नेमली. तिचा अहवाल १९४६ मध्ये आला. त्यातले आकडे वाचताना मी चष्मा काढून पुन्हा लावला. अख्ख्या ब्रिटिश हिंदुस्थानात शिकलेल्या नर्सेस अवघ्या सात हजारांच्या आसपास होत्या, म्हणजे ४३,००० माणसांमागं एक. सुइणी, म्हणजे शिकलेल्या मिडवाईफ, ६०,००० माणसांमागं एक. भोर समितीनं स्वप्न पाहिलं की १९७१ पर्यंत पाचशे माणसांमागं एक नर्स असावी आणि त्यासाठी ७ लाख ४० हजार नर्सेस तयार कराव्यात. पण या कामाला मुली याव्यात तर पगार, राहायची जागा आणि मान या तिन्ही गोष्टी सुधाराव्या लागतील, हेही त्या लोकांना दिसत होतं. त्या काळी चांगल्या घरातल्या मुलीनं नर्स होणं म्हणजे काय, हे आपल्या आज्यांना विचारायला हवं होतं. माझ्या आजेसासूबाई 'नर्स' हा शब्द आवाज खाली करून उच्चारायच्या म्हणे.

त्याच सुमाराला, १९४६-४७ मध्ये, केंद्र सरकारचा पहिला वेतन आयोग बसला. सरकारी नोकरीतल्या सगळ्यात खालच्या माणसाला मूळ पगार ३० रुपये आणि महागाई भत्ता २५ रुपये, असे ५५ रुपये ठरले. आज आकडा हसू आणणारा वाटतो, पण कल्पना मोठी होती. सरकारी चाकरी करणाऱ्याला किती पैसे द्यायचे हे साहेबाच्या मर्जीवर न ठेवता जगायला काय लागतं यावरून ठरवायचं. पुढं घटना आली. तिच्या ३९व्या कलमात पुरुष आणि स्त्री यांना समान कामाला समान वेतन असावं, असं राज्याचं धोरण म्हणून लिहिलं गेलं. तेव्हा भांडण बाई आणि पुरुष असं होतं. एकाच वॉर्डातल्या दोन बायका, आणि त्यांचे पगार वेगळे, ही कल्पना तेव्हा कुणाच्या मनात आली नसावी.

नर्सेसच्या पगाराचा प्रश्न मात्र काही सुटला नाही. १९५४ मध्ये खास त्यांच्याच नोकरीच्या अटी आणि पगार पाहायला एक समिती नेमली गेली. अध्यक्ष होते मद्रासचे आरोग्यमंत्री ए. बी. शेट्टी, आपल्या मंगळूरकडचे. पुन्हा १९८७ मध्ये आणखी एक उच्चाधिकार समिती. तिच्या पहिल्या अध्यक्ष मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठाच्या माजी कुलगुरू होत्या. नंतर ते काम सरोजिनी वरदप्पन यांच्याकडं आलं. तीस-पस्तीस वर्षांच्या अंतरानं त्याच तक्रारीसाठी दोनदा समिती बसवावी लागली, यावरून पहिलीचं काय झालं असेल ते समजा.

तरीही पगार हळूहळू वर चढला हे खरं. संघटना लढल्या, संप झाले, एकेक वेतन आयोग आला. सातव्या केंद्रीय वेतन आयोगात, १ जानेवारी २०१६ पासून, केंद्र सरकारच्या दवाखान्यातल्या स्टाफ नर्सचं सुरुवातीचं मूळ वेतन ४४,९०० रुपये झालं. शिवाय महागाई भत्ता, घरभाडं, महिन्याला ७,२०० रुपये नर्सिंग भत्ता आणि गणवेशासाठी १,८०० रुपये. आपल्या कर्नाटकात केंद्राइतकं नाही, पण २०१८ च्या एप्रिलपासून सगळ्यात खालच्या कायम 'डी ग्रुप' माणसाचंही मूळ वेतन १७,००० झालं, आणि २०२४ च्या ऑगस्टपासून २७,०००. थोरली ह्याच शिडीवर होती. दरवर्षी एक इन्क्रीमेंट, रजा, बाळंतपणाची पगारी रजा, आणि ती जुन्या काळात लागलेली म्हणून म्हातारपणी पेन्शनसुद्धा. (१ एप्रिल २००६ नंतर कर्नाटक सरकारात लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, ते रडगाणं वेगळं.)

आता इथं कुणाला वाटेल, की थोरलीला जास्त मिळतंय. मलाही क्षणभर वाटलं होतं. मग मी तिचा हिशेब मांडला. नवरा दारू पिऊन गेलेला, दोन मुलींची लग्नं, एक मुलगा डिप्लोमाला, घराचं कर्ज. चौतीस हजारांत तिचं कसंबसं भागत होतं. म्हणजे तिचा पगार वाजवी होता. शिडीच्या वरच्या पायरीवर ती होती असं नाही, धाकटीला शिडीच नव्हती.

ही शिडी काढून कधी घेतली गेली, हे एका तारखेला दाखवता येत नाही. कुठला कायदा झाला नाही, कुठली घोषणा झाली नाही. नव्वदीनंतर सरकारांनी खर्च आवरायला घेतला तेव्हा सगळ्यात सोपी गोष्ट होती भरती थांबवणं. दवाखान्यात 'मंजूर पदं' असतात. मावशी निवृत्त झाली की तिचं पद कागदावर तसंच राहतं, फक्त त्यावर माणूस येत नाही. पेशंट मात्र येतच राहतात. मग वरिष्ठ लिहितात, तात्पुरती माणसं घेऊ द्या. पद भरायचं तर वित्त खात्याची परवानगी, जाहिरात, परीक्षा, आरक्षणाची यादी. टेंडर काढायचं तर तेवढं काही नको. शिवाय हिशेबाच्या वहीत कायम माणसाचा पगार 'वेतन' या खान्यात जातो आणि ठेकेदाराचं बिल दुसऱ्याच खान्यात. बाईच्या कामाचे पैसे फिनेल आणि झाडूच्या रांगेत जाऊन बसतात. वेतनाचा खर्च कमी झाला असं दिसतं, आणि दिसण्यावर बरंच काही चालतं.

२००५ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. खेड्यापाड्यांत बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली, हे त्याचं मोठं यश, आणि ते मी नाकारत नाही. पण त्यात नर्सेस, लॅबवाले, औषधवाले, अगदी डॉक्टरसुद्धा मोठ्या संख्येनं कंत्राटावर घेतले गेले, वर्षावर्षाच्या कराराने. म्हणजे एका दवाखान्यात तीन थर झाले. पहिला कायम. दुसरा अभियानाच्या कंत्राटातला, ज्याला सरकारी सोसायटीकडनं ठरावीक रक्कम मिळते. तिसरा ठेकेदाराचा, ज्याला सरकार ओळखतच नाही. आणि गावात चौथी आहे ती आशाताई. तिला तर कर्मचारीच म्हणायचं नाही, ती स्वयंसेविका. तिच्या पैशाला पगार म्हणत नाहीत, मानधन आणि प्रोत्साहन भत्ता म्हणतात. आपल्या भाषेत शब्दांची चंगळ आहे खरी.

टेंडरचं गणित मला माझ्या दिरांनी समजावलं. ते कंत्राटदारांचे हिशेब लिहायचे. ठेकेदाराला किमान वेतन द्यावंच लागतं, त्यावर पीएफ, ईएसआय भरावा लागतो. ते सगळ्यांनाच सारखं. मग कमीत कमी दर लावून टेंडर मिळवायचं तर कापायचं कुठं? स्वतःच्या सेवाशुल्कात. काही जण ते इतकं कमी लावतात, की त्यात ऑफिसचा चहाही भागू नये. "मग तो जगतो कशावर?" मी विचारलं. दीर हसले. "वहिनी, तीस दिवस काम, सव्वीसचं मस्टर. गणवेशाचे पैसे वेगळे कापायचे. बिल आल्यावर दीड महिन्यानं वाटायचं. आणि माणूस सोडून गेला तर शेवटचा पगार कुठं मागायला येतोय?" त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं, की मला पुढचं विचारवेना. धाकटी तर म्हणाली होती, पीएफची दोन्ही बाजूंची रक्कम तिच्याच पगारातनं कापतात. मी तिला पीएफचा नंबर विचारला. तिला तो माहीत नव्हता.

कायदा नव्हता असं समजू नका. कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० चा होता. त्याच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांत स्पष्ट लिहिलं होतं, की ठेकेदाराचा माणूस जर मूळ मालकाच्या माणसासारखंच काम करत असेल तर त्याला वेतन, सुट्ट्या, कामाचे तास तसेच मिळाले पाहिजेत. काम सारखं आहे की नाही यावर तंटा झाला तर कामगार खात्याच्या अधिकाऱ्यानं ठरवायचं. सासूबाईंनी जे एका वाक्यात सांगितलं तेच. पण तंटा करायला धाकटीनं पुढं यायचं, आणि तिचं नाव उद्याच्या मस्टरवर ठेवायचं की नाही हे ठेकेदाराच्या हातात. नऊ वर्षांत तिनं तक्रार का केली नाही, असं विचारणारी बाई सुखवस्तू घरातली असणार. मीच विचारलं होतं.

कोर्टांची कथा लांब आहे आणि त्यात आपला हा मुलूख दोनदा येतो, म्हणून थोडं थांबून सांगते. १९८२ मध्ये दिल्ली पोलिसांतल्या रणधीर सिंग नावाच्या ड्रायव्हरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की समान कामाला समान वेतन हा मूलभूत हक्क म्हणून लिहिलेला नसला तरी घटनेच्या समतेच्या कलमांतून तो मागता येतो. मग १९९० मध्ये धारवाड जिल्ह्यातल्या बांधकाम खात्याच्या रोजंदारी कामगारांच्या संघटनेचा खटला आला. धारवाड, म्हणजे आमच्या माहेरची शेजारची वेस. कर्नाटक सरकारकडं वर्षानुवर्षं रोजंदारीवर राबणारे हजारो लोक होते. न्यायालयानं १ जुलै १९८४ पर्यंत लागलेल्यांना १ जानेवारी १९९० पासून मासिक ७८० रुपये ठरावीक पगार, दरवर्षी १५ रुपयांची वाढ, आणि मग टप्प्याटप्प्यानं कायम करायचं, अशी योजना मान्य केली. १५ रुपयांची वाढ! पण त्या १५ रुपयांसाठी माणसाला एका तारखेला हजर राहून, 'मी इथला आहे' असं म्हणता आलं.

मग वारं फिरलं. २००१ मध्ये घटनापीठानं सांगितलं, की कंत्राटी पद्धत बंद केली म्हणून ठेकेदाराची माणसं आपोआप मालकाची होत नाहीत. आणि १० एप्रिल २००६ ला उमादेवी खटल्याचा निकाल आला. हाही कर्नाटकाचाच. विक्रीकर खात्यात दहा-दहा वर्षं रोजंदारीवर असलेले लोक आम्हाला कायम करा म्हणत होते. पाच न्यायमूर्तींनी नाही म्हटलं. सरकारी नोकरी सगळ्यांसाठी खुली असते, मागच्या दारानं आलेल्याला नुसती वर्षं भरली म्हणून कायम करता येणार नाही. मंजूर पदावर दहा वर्षं काढलेल्यांसाठी एकदाच काय ती सोय करा, एवढीच सवलत.

हा निकाल मला निम्मा पटतो, हे कबूल करते. माझ्या भावाचा मुलगा सरकारी परीक्षांसाठी पाच वर्षं खोली घेऊन अभ्यास करत होता. कुणाच्या ओळखीनं आत शिरलेल्यानं त्याची जागा अडवावी, हे मला चाललं नसतं. पण निकालाचा उपयोग काय झाला ते बघा. परीक्षा न घेता माणसं घेऊ नका, असं न्यायालयानं सांगितलं होतं. सरकारांनी त्यातलं 'कायम करू नका' तेवढं उचललं. आणि दहा वर्षं भरायच्या आत ठेकेदार बदलला की बाई पुन्हा पहिल्या दिवशी.

पुढं २६ ऑक्टोबर २०१६ ला पंजाबच्या एका खटल्यात न्यायमूर्ती केहर आणि आपले नागपूरचे न्यायमूर्ती बोबडे यांनी तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही त्या पदाच्या वेतनश्रेणीतलं किमान वेतन द्यावं असा निकाल दिला. त्याच वर्षी नर्सेसच्या संघटनेच्या अर्जावरून नेमलेल्या समितीनं सांगितलं, की दोनशेपेक्षा जास्त खाटांच्या खासगी दवाखान्यांनी नर्सला सरकारी नर्सइतका पगार द्यावा, आणि अगदी छोट्या दवाखान्यातही तो महिन्याला २०,००० च्या खाली नको. म्हणजे खासगीवाल्यांना माप दाखवलं ते सरकारी पगाराचं. ज्या वॉर्डात मी चटई टाकली होती तिथं सरकारच आपलं माप वापरत नव्हतं.

डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या नर्सेसनी संप केला, करोना ऐन भरात असताना. वर्तमानपत्रांत त्यांना बरंच बोललं गेलं. जुन्या वेतन आयोगातल्या त्रुटीबरोबरच त्यांची एक तक्रार होती ती कंत्राटी भरतीची. संप सुरू होताच १७० नर्सेस बाहेरून कंत्राटावर घ्यायची तयारी झाली. दुसऱ्या दिवशी दिल्ली उच्च न्यायालयानं संप थांबवायला सांगितलं. कंत्राटी माणसाचा आणखी एक उपयोग त्या दिवशी कळला.

माझ्या नणंदेची मुलगी इंग्लंडमध्ये नर्स आहे, तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये. फोनवर तिला मी हे सगळं सांगत होते. ती म्हणाली, "मामी, इथं एजन्सीची नर्स आली की आम्ही हेवा करतो. तिला आमच्यापेक्षा जास्त मिळतात." मला आधी वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण तसंच आहे. तिथं माणसं कमी पडतात तेव्हा रुग्णालयं एजन्सीकडनं पाळीपुरती नर्स मागवतात आणि तासाला चढा दर मोजतात. २०१४-१५ या एका वर्षात त्यांचा एजन्सीवरचा खर्च ३.३ अब्ज पौंडांवर गेला. शेवटी सरकारला नोव्हेंबर २०१५ पासून त्या दरावर टोपण घालावं लागलं, आणि एप्रिल २०१६ पासून कायम कर्मचाऱ्याच्या दरापेक्षा ५५ टक्क्यांहून जास्त देऊ नका असा नियम झाला. ऑस्ट्रेलियात तर अशा हंगामी माणसाला साधारण २५ टक्के वरकड द्यायची रीतच आहे, कारण त्याला पगारी रजा नसते, उद्याची खात्री नसते. ज्यानं धोका पत्करला त्याला जास्त. आमच्याकडं ज्यानं धोका पत्करला त्याला पावपट.

तिथले लोक फार न्यायी आहेत म्हणून असं होतं, असं मला वाटत नाही. तिथं नर्सेस कमी आणि जागा जास्त. इथं एका मावशीच्या जागेला पन्नास बायका दारात उभ्या, आणि ठेकेदाराला ते माहीत. भाचीच्या त्या देशात तरी, ५५ टक्क्यांचं टोपण घालताना, कायम माणसाचा दर हे माप धरून दुसऱ्याचा दर ठरवला गेला. इथं दोन दर एकमेकांकडं बघतच नाहीत.

एक ठिकाण मात्र मला असं सापडलं, जिथं थोरली आणि धाकटी अगदी समान होत्या. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारनं करोनात काम करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला. त्यात कायम, कंत्राटी, रोजंदारी, ठेकेदाराकडून आलेले, अगदी स्वयंसेवकसुद्धा होते. रक्कम सगळ्यांना सारखी. चांगला निर्णय होता, आणि ज्यांनी तो लिहिला त्यांना वॉर्डात कोण कोण असतं हे नीट माहीत होतं, हे त्या यादीवरून दिसतं. तो विमा मिळायची अट मात्र एकच, मरण.

डिसेंबर २०२४ चा एक निकाल अलीकडं वाचला. केंद्रीय जल आयोगात झाडलोट करणाऱ्या जग्गो आणि आणखी काही जणींचा खटला. दहा-वीस वर्षं राबल्यावर त्यांना काढलं आणि तेच काम बाहेरच्या एजन्सीला दिलं. सर्वोच्च न्यायालयानं त्यांना कामावर घ्या, कायम करा म्हटलं. उमादेवीचा निकाल अशा कर्मचाऱ्यांच्या विरुद्ध हत्यारासारखा वापरता येणार नाही, असंही सांगितलं. काम एजन्सीला दिलंत म्हणजेच त्याची गरज कायमची होती, हा त्यातला मुद्दा. दोघा न्यायमूर्तींपैकी एक प्रसन्न वराळे, जन्म आमच्या निपाणीतला. मी निकालाची ती पानं दिरांना वाचायला दिली. त्यांनी वाचली, परत दिली, काही बोलले नाहीत.

आता माझी गोष्ट, जी सांगितल्याशिवाय हा लेख मला लिहिता येणार नाही. आमच्या महिला मंडळानं त्याच दवाखान्याला औषधदान म्हणून दोन व्हीलचेअर आणि एक ऑक्सिजनची मशीन दिली. फोटो निघाले, मी पुढच्या रांगेत. व्हीलचेअर ढकलायला धाकटीच उभी होती, फोटोच्या कडेला तिचा कोपर दिसतो. आणि सासूबाई घरी आल्यावर त्यांच्यासाठी रात्रपाळीची बाई ठेवली ती एका ब्यूरोकडनं. महिन्याला पंधरा हजार ब्यूरोच्या खात्यावर भरत होते. सहा महिने. चौतीस आणि नऊचे हिशेब रोज रात्री वाचत होते, आणि शेजारच्या खोलीत जी बाई सासूबाईंच्या उशाशी जागी होती तिला त्यातले किती मिळतात, हे एकदाही विचारलं नाही. ब्यूरोशी बोललं की भागतं, बाईशी पैशाचं बोलायला नको, किती सोपं असतं ते. सासूबाई गेल्या त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनीच विचारलं होतं तिला. साडेआठ हजार.

उरलेले साडेसहा परत कसे मागायचे आणि कुणासाठी, हे मला कळलं नाही. तिच्या हातात मी वरचे काही पैसे ठेवले, तेही साडीत गुंडाळून, भेट म्हणून. पगार म्हणून द्यायचं धाडस झालं नाही.

धाकटीचा फोन अजून येतो, संक्रांतीला आणि दसऱ्याला. मधल्या काळात ती बाळंत झाली, चार महिने घरी बसली आणि पुन्हा नव्यानं लागली, म्हणजे नऊ वर्षांचे शून्य झाले. गेल्या खेपेला बोलताना म्हणाली, मार्चअखेर ठेका संपतोय, नवीन टेंडर निघालंय, जुन्या ठेकेदाराकडं तिचे दोन महिने अडकलेत. "नवा आला तर ठेवील ना हो अक्का?" मी म्हटलं, थोरलीला विचार. थोरली मागच्या जूनमध्ये रिटायर झाली, असं तिनं सांगितलं. तिच्या जागेवर अजून कुणी आलेलं नाही, आता दिवसपाळीला पेशंट उचलताना दुसऱ्या बाजूला नातेवाईकांना बोलवावं लागतं.